ग्राफिक्स कार्डाचा पंखा व त्याचे गतिनियंत्रण

गेल्या उन्हाळ्यात विभागातील एका विद्यार्थ्याने एक चमत्कारिक तक्रार आणली. आकडेमोडीच्या दोन पद्धतींपैकी अधिक जलद कोणती, हा त्याच्या प्रबंधिकेचा विषय. पहिली पद्धत त्याने जानेवारीत चालवून पाहिली होती, दुसरी मे महिन्यात. दुसरी मंद ठरली. परंतु खात्रीसाठी त्याने पहिली पुन्हा चालविली, तेव्हा तीही जानेवारीपेक्षा मंद ठरली. प्रोग्राम तोच, आधारसामग्री तीच, यंत्रही तेच. प्रोग्रामातील दोष शोधण्यात आठ-दहा दिवस गेले. दोष तेथे नव्हताच. यंत्रातील ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याची गती एका ठराविक आकड्यावर बांधून ठेवलेली होती, आणि ती बांधणारा प्रस्तुत लेखकच होता. हिवाळ्यात त्या पंख्याच्या आवाजाने शेजारच्या खोलीतील तास बिघडत असे. म्हणून एके दिवशी त्याने ती कमी करून टाकली आणि पुढे ती गोष्ट तो साफ विसरून गेला.

पंख्याची गती हा विषय संशोधनपत्रिकेत येण्याइतका मोठा आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मेजावरील संगणकात ग्राफिक्स कार्ड केवळ पडद्यावरील चित्रांसाठी बसविले जात असे, तोवर हा प्रश्न रास्तच होता. आता रेणूंच्या हालचालींच्या गणितापासून भाषेच्या प्रतिमानांपर्यंत पुष्कळसे काम हीच कार्डे करतात, आणि कामाला लागलेला वेळ हाच पुष्कळदा निष्कर्षाचा आधार असतो. अशा वेळी पंखा ही केवळ सोयीची वस्तू राहत नाही; तो प्रयोगाच्या परिस्थितीचा एक घटक ठरतो. म्हणून त्याचे नियंत्रण कसे चालते आणि ते कोणाच्या हाती असावे, याचे थोडे विवेचन येथे करावयाचे आहे. लेखातील सर्व अंश सेल्सियसचे समजावेत.

कार्डात शिरणारी जवळजवळ सर्व विद्युत्शक्ती अखेर उष्णतेतच परिणत होते. १९९९ सालच्या जीफोर्स २५६ या कार्डाला एक लहानसा पंखा पुरत असे. २०१६ च्या जीटीएक्स १०६० ची शक्तिमर्यादा १२० वॅट होती. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट आणि २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट आहे. घरातील छताचा जुन्या पद्धतीचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. ही उष्णता चिपच्या काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून बाहेर काढून प्रथम तांब्याच्या तळपट्टीत, तेथून उष्णतावाहक नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत, आणि पात्यांवरून हवेत सोडावयाची असते. या साखळीतील शेवटचा दुवा तेवढा पंख्याच्या अधीन असतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पंखा कितीही वाढविला तरी आधीच्या दुव्यांतील अडथळा तसाच राहतो.

एक काल्पनिक परंतु वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. कार्ड २५० वॅट उष्णता देते. एका वॅटमागे तापमान जितके अंश चढते त्याला उष्णतारोध म्हणतात. तो चिपपासून पात्यांपर्यंत ०.०८ आणि पात्यांपासून हवेपर्यंत ०.१२, असा एकूण ०.२० धरू. म्हणजे चिप भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापेल. संगणकाच्या पेटीतील हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी उष्ण आहे असे मानू. खोली २४ अंशांवर असता चिप ८२ अंशांवर स्थिरावते. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीचे तापमान ३८ अंश असणे ही काही विशेष गोष्ट नव्हे. तेथे हाच हिशेब ९६ अंशांवर जातो. कार्डाने आपल्यासाठी ठरविलेली सीमा ८३ अंश असेल, तर दोनच वाटा उरतात. पहिली वाट पंखा वाढविण्याची. चिप व पेटीतील हवा यांत आता ३७ अंशांचेच अंतर शिल्लक आहे; म्हणून एकूण रोध ०.१४८ वर, आणि त्यातील हवेचा वाटा ०.१२ वरून ०.०६८ वर आला पाहिजे. खळबळत्या प्रवाहात उष्णतेचे वहन वेगाच्या सुमारे ०.८ घाताच्या प्रमाणात वाढते, असे धरल्यास त्यासाठी पंख्याची गती जवळजवळ दुप्पट करावी लागते. अरुंद पात्यांमधील प्रवाह बहुधा याहून शांत असतो. म्हणजे खरे उत्तर यापेक्षाही प्रतिकूल निघेल.

गती दुप्पट झाली म्हणजे काय होते, हे पंख्यांचे नियम सांगतात. हवेचे आकारमान गतीच्या प्रमाणात, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. आवाजाची पातळी तर गतिगुणोत्तराच्या लॉगॅरिथमच्या सुमारे ५० पट इतक्या डेसिबलांनी चढते. दुप्पट गतीला साधारण १५ डेसिबल. उलट पाहता, गती एक चतुर्थांशाने कमी केल्यास सुमारे ६ डेसिबल वाचतात. माणूस पंख्याच्या गतीत हात घालू पाहतो तो बहुतेक याच मोहाने. २००३ साली आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा आवाज इतका प्रसिद्ध झाला, की लोकांनी त्याला धूळ ओढण्याच्या यंत्राचे नाव दिले, आणि एनव्हिडिया या त्याच्या निर्मात्या कंपनीने स्वतःच त्याची थट्टा करणारे चित्रण काढले. मोठ्या व्यासाचे दोन-तीन पंखे सावकाश फिरविण्याची हल्लीची रीत याच अनुभवातून रूढ झाली.

दुसरी वाट कार्ड स्वतःच धरते. पंखा बांधलेला असेल आणि रोध ०.२० वरून हलत नसेल, तर ३७ अंशांच्या अंतरात केवळ १८५ वॅट उष्णता बाहेर पडू शकते. म्हणून कार्ड आपली कंप्रता व विद्युत्दाब उतरवून २५० वरून १८५ वॅटांवर येते. तापमान पाहून वेग ठरविण्याची ही रीत एनव्हिडियाच्या कार्डांत २०१३ पासून उघडपणे आली. यात यंत्र बंद पडत नाही, पडद्यावर सूचना येत नाही, उत्तरही चुकत नाही. फक्त काम हळू होते. आमच्या विद्यार्थ्याला भेटलेला मंदपणा हाच. मोठ्याने बोलणारा दोष बरा; मुकाट्याने वेळ खाणारा दोष शोधणे अवघड.

आता गती प्रत्यक्षात बदलते कशी, ते पाहू. आधुनिक पंख्याला चार तारा असतात. दोन विद्युत्पुरवठ्याच्या, तिसरीवरून पंखा आपल्या प्रत्येक फेऱ्यास दोन स्पंद परत पाठवितो, आणि चौथीवरून त्याला आज्ञा मिळते. ही आज्ञा म्हणजे ठराविक कंप्रतेने चालूबंद होणारा संकेत होय. एका आवर्तनातील जितका भाग तो चालू, तितकी पंख्याला मिळणारी प्रेरणा अधिक. स्पंदाची रुंदी बदलून नियमन करावयाचे, म्हणून यास स्पंदरुंदी-नियमन म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून पीडब्ल्यूएम हे त्याचे नाव सर्वत्र रूढ आहे. चार तारांच्या पंख्यांसाठी इंटेलने घालून दिलेल्या मानकात ही कंप्रता २५ किलोहर्ट्झ आहे. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने चालूबंदीचा गुंजारव ऐकू येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियंत्रणाच्या प्रोग्रामात दिसणारा “४० टक्के” हा आकडा गतीचा नव्हे, तर चालू भागाचा असतो. तेवढ्या आज्ञेला एखादा पंखा मिनिटास किती फेरे घेईल, हे त्याच्या घडणीवर, धारव्यातील घर्षणावर व वयावर अवलंबून राहते. हा भेद किती महाग पडू शकतो, याचे उत्तम उदाहरण २०१३ च्या ऑक्टोबरात आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आर९ २९०एक्स या कार्डाने पुरविले. हे कार्ड ९५ अंशांवर सतत चालावे अशीच त्याची रचना होती. त्यावर एक लहान कळ होती. शांत स्थितीत पंख्याची कमाल मर्यादा ४० टक्के, दुसऱ्या स्थितीत ५५ टक्के. ९५ अंश गाठले आणि पंखाही मर्यादेला पोहोचला, की कार्ड कंप्रता उतरवी. सकृद्दर्शनी व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु परीक्षणासाठी पाठविलेल्या कार्डांपेक्षा बाजारात विकत घेतलेली काही कार्डे मंद असल्याचे परीक्षकांना आढळून आले. चिपमधील स्वाभाविक फरक हे एक कारण होतेच. पण दुसरे कारण असे, की ४० टक्क्यांना सर्व पंखे सारख्या गतीने फिरत नव्हते. ज्याचा पंखा किंचित आळशी, त्याचे कार्ड मंद. नोव्हेंबर २०१३ मध्ये एएमडीने नवा ड्रायव्हर देऊन टक्क्यांऐवजी प्रत्यक्ष फेऱ्यांवर मर्यादा बांधली. शांत स्थितीसाठी ती मिनिटास २२०० फेरे अशी ठरली.

या प्रसंगात नियंत्रणशास्त्राचा एक प्राथमिक पाठ आहे. आज्ञा देऊन मोकळे होणे हे उघडे नियंत्रण. आज्ञेचा परिणाम मोजून आज्ञा सुधारणे हे बंद किंवा पुनर्भरणयुक्त नियंत्रण. तिसऱ्या तारेवरून फेऱ्यांची वार्ता येतच होती. तिचा उपयोग मर्यादा ठरविताना केला गेला नव्हता इतकेच. दोन यंत्रांवरील वेळांची तुलना करणाऱ्याने टक्के न नोंदविता फेरे नोंदवावेत, हे यावरून ओघानेच येते.

आता वक्राकडे वळू. सामान्यतः आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर पंख्याची आज्ञा घेऊन एक चढती रेषा आखली जाते. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामांत वापरणारा तिचे बिंदू हाताने सरकवू शकतो. रेषा आखणे सोपे, पण ती सुखाने चालणे तितके सोपे नाही. कारण तापमानाला दोन चाली आहेत. भार पडताच चिपचे तापमान काही सेकंदांत दहा-पंधरा अंश उडी घेते. ही उडी चिप व पाती यांमधील अंतराची असते आणि तिच्यावर पंख्याचा फारसा इलाज चालत नाही. त्यानंतर धातूचा सारा गठ्ठा सावकाश, काही मिनिटांत, तापतो. पंख्याचे खरे कार्यक्षेत्र हे. दर सेकंदाला तापमान वाचून त्याबरहुकूम गती बदलणारा प्रोग्राम पहिल्या उडीच्या मागे धावतो. भार थांबून थांबून येत असेल तर पंखा सारखा चढतो-उतरतो, आणि असा हेलकावणारा आवाज एकसारख्या मोठ्या आवाजापेक्षाही अधिक त्रास देतो.

यावर उपाय दोन. पहिला, काही सेकंदांच्या तापमानाची सरासरी घेऊन त्यावर निर्णय करणे. दुसरा, चढण्याची व उतरण्याची वाट वेगळी ठेवणे; चुंबकत्वाच्या प्रकरणात विद्यार्थी ज्याला मंदायन किंवा हिस्टेरिसिस म्हणून ओळखतात तेच येथे बुद्ध्या निर्माण करावयाचे. पंखा वाढला की तापमान चार-पाच अंशांनी खाली आल्याखेरीज तो कमी होऊ द्यावयाचा नाही. साधारण २०१४ पासून पुष्कळ कार्डांत भार नसता पंखे पूर्णपणे थांबविण्याची सोय आली, तेथे तर हे अनिवार्यच आहे. ६० अंशांना सुरू आणि ६० अंशांनाच बंद, असा नियम केल्यास पंखा त्या सीमेवर दर अर्ध्या मिनिटाला सुरू-बंद होत राहील. सुरू ६० ला व बंद ५० ला, असे केले म्हणजे तो दहा अंश खाली आल्याशिवाय थांबत नाही.

तापमान म्हणजे नेमके कोणते, हाही प्रश्न आहे. हल्लीच्या कार्डात ते अनेक जागी मोजले जाते: चिपच्या कडेला, चिपवरील सर्वांत उष्ण बिंदूवर, स्मृतीत. नेहमीचा वक्र चिपच्या तापमानाला बांधलेला असतो. २०२० च्या आरटीएक्स ३०९० मध्ये जीडीडीआर६एक्स जातीची स्मृती होती आणि तिच्या काही चिप कार्डाच्या मागील बाजूस होत्या. चिपला थोडे आणि स्मृतीला फार, असे काम पडले की चिप साठ-पासष्ट अंशांवर निवांत राही आणि स्मृती ११० अंशांची आपली सीमा गाठून कार्डाचा वेग खाली ओढी. पंख्याला याचा पत्ताच नसे, कारण तो चिपकडे पाहत होता. मोठ्या सारण्या वारंवार वाचणाऱ्या आकडेमोडीत हे ध्यानात ठेवलेले बरे.

येथवर गती किती असावी याचा विचार झाला. ती कोणी ठरवावी, हा प्रश्न आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. कार्डाच्या आतील फर्मवेअर, संगणकावरील ड्रायव्हर आणि वापरणाऱ्याचा प्रोग्राम असे तीन अधिकारी येथे एकाच पंख्यावर हक्क सांगतात. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर आला. त्यात पंख्याचे नियमन बिघडल्याच्या आणि कार्डे अतितप्त झाल्याच्या तक्रारी येताच कंपनीला तो मागे घ्यावा लागला. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी एएमडीचा क्रिमसन हा ड्रायव्हर आला. त्यात काही कार्डांवर पंख्याची कमाल गती खालच्या पातळीवर अडकून पडत असे. ३० तारखेस दुरुस्ती द्यावी लागली. दोन्ही प्रतिस्पर्धी, दोघेही जाणते. तरी वरच्या थरातील एका चुकीने खालचा पंखा अडकला. अशा वेळी चिपचे स्वतःचे संरक्षण पुष्कळदा धावून येते, परंतु कार्डावरील विद्युत्दाब-नियामकासारख्या इतर भागांना ते तितकेच मिळेल याची शाश्वती नसते.

जेथे व्यावसायिक चुकतात तेथे आपण हाताने लिहिलेल्या दहा ओळींच्या प्रोग्रामाबद्दल काय म्हणावे? लिनक्समध्ये एएमडीच्या जुन्या कार्डांसाठी ही सोय फाइलींच्या रूपाने आहे. पीडब्ल्यूएम-१ या फाइलीत ० ते २५५ मधील आकडा लिहिला की तेवढी आज्ञा पंख्यास जाते. तिच्या जोडीच्या एनेबल नामक फाइलीत १ लिहिल्यास अधिकार आपल्याकडे येतो, २ लिहिल्यास यंत्राकडे परत जातो. टक्क्यांऐवजी इच्छित फेरे लिहिण्याची वेगळी फाइलही आहे. मात्र दोन्ही एकदम वापरल्यास आधीची आज्ञा रद्द होते. तापमान अंशाच्या सहस्रांशात मिळते, हे विसरणाऱ्याचा पंखा पहिल्याच क्षणी पूर्ण गतीने फिरू लागतो. ही चूक निदान सुरक्षित बाजूची. याहून फसवी गोष्ट अशी, की या फाइली ज्या क्रमांकित एचडब्ल्यूमॉन कप्प्यात असतात त्याचा क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतो. क्रमांकावर विसंबणारा प्रोग्राम मग भलत्याच उपकरणाचे तापमान वाचू लागतो. कप्प्यातील नाव वाचून योग्य उपकरण निवडणे हाच खरा मार्ग. एनव्हिडियाच्या कार्डांवर पूर्वीपासून कूलबिट्स या पर्यायास ४ हे मूल्य देऊन हा अधिकार घेतला जात असे; अलीकडे एनव्हीएमएल या ग्रंथालयातूनही तो घेता येतो. त्या ग्रंथालयाच्या माहितीपत्रकात निर्मात्यानेच बजावले आहे, की हा अधिकार घेतल्यावर तापमानावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची, आणि गती फार कमी ठेवल्यास कार्ड जळू शकते.

या साऱ्यात खरी मेख अशी की अधिकार घेणारा प्रोग्राम मध्येच मेला, तर त्याने दिलेली शेवटची आज्ञा तशीच राहते. रात्री दोन वाजता, भार नसताना दिलेली कमी गती सकाळच्या भारालाही लागू होते. प्रोग्राम सरळपणे संपताना अधिकार परत देण्याची व्यवस्था प्रत्येकाने करावीच. पण प्रोग्राम बळेच मारला गेला तर तीही चालत नाही. म्हणून त्याच्यावर पाळत ठेवणारी आणि तो दिसेनासा होताच अधिकार यंत्राकडे परत देणारी दुसरी सेवा हवी.

अधिक चांगला मार्ग म्हणजे गती न सांगता नियम सांगणे. रेडिऑनच्या ७००० मालिकेतील कार्डांवर लिनक्समध्ये प्रथम हाताने गती देण्याची सोयच नव्हती, आणि त्याबद्दल पुष्कळांनी कुरकुर केली. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.७ आवृत्तीपासून वेगळी सोय मिळाली: तापमान व आज्ञा यांच्या पाच जोड्या लिहावयाच्या आणि तो वक्र मान्य करून टाकावयाचा. पुढचे तापमान वाचणे आणि गती बदलणे फर्मवेअर स्वतः करते. वापरणाऱ्याचा प्रोग्राम बंद पडो वा संगणक कामात गुंतलेला असो, पंखा तापमानाकडे पाहतच राहतो. काहींना यात स्वातंत्र्याचा संकोच वाटतो. आम्हांस मात्र ही वाटणी योग्य वाटते. वेगवान व अखंड जागरूकतेचे काम खालच्या थराने करावे, आणि आवाज किती सोसावयाचा व तापमान कोठवर चढू द्यावयाचे, हे माणसाने ठरवावे.

आमच्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. बांधलेली गती सोडून दिली. पाती पाहिली तर त्यांत वर्षभराची धूळ नमद्यासारखी बसलेली होती; पंख्याची पाती हाताने धरून ती दाबाच्या हवेने साफ केली, कारण मोकळा पंखा हवेच्या झोताने नको तितका फिरून धारवा बिघडू शकतो. पेटीची मागील बाजू भिंतीपासून वीतभर पुढे आणली. विद्यार्थ्याने दोन्ही पद्धती एकाच दिवशी आलटून पालटून चालविल्या, प्रत्येक खेपेपूर्वी कार्ड दहा मिनिटे भाराखाली तापवून घेतले, आणि वेळेच्या रकान्याशेजारी खोलीचे तापमान, चिपचे तापमान, कंप्रता व पंख्याचे फेरे असे चार रकाने वाढविले. पहिल्या पद्धतीचा जो लाभ जानेवारी-मेच्या तुलनेत दिसला होता, त्यातील बराचसा भाग नाहीसा झाला. प्रबंधिकेतील ते प्रकरण त्याला पुन्हा लिहावे लागले. शेजारच्या खोलीतील तास आता दार लावून घेतला जातो.